जळगावचा मे महिना, अ‍ॅनिमोन आणि १/१० एचपीचा चिलर : वापरून लिहितोय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पाळायचा असेल तर चिलर (टाकीचं पाणी गार करणारं मशीन) लागतोच, त्याला पर्याय नाही, आणि हा १/१० एचपीचा डबा तीन फुटी टाकीला पुरतो. पण बॉक्सवर लिहिलंय तसा नाही पुरत, आपल्याकडच्या उन्हाचा हिशोब करून बसवला तर पुरतो. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कशाचा कापला ते खाली येईलच.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. माझ्या ओळखीतल्या दोघांकडे वेगवेगळ्या नावाचे आहेत पण झाकण काढलं की आत सेम पंखा, सेम मांडणी, त्यामुळे स्टिकरवर जीव टाकण्यात अर्थ नाही. दुकानदाराला एवढंच विचारायचं की १/१० एचपी आहे का, खाऱ्या पाण्याला चालतो का आणि कॉइल टायटॅनियमची आहे का. कॉइलच्या प्रश्नावर जो "एकच असतं हो सगळं" म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. तांब्याची कॉइल खाऱ्या पाण्यात गंजते, तांबं पाण्यात उतरतं, आणि अ‍ॅनिमोन, कोळंबी, गोगलगाय असल्या बिनकण्याच्या प्राण्यांना थोडं तांबंही विष असतं. मला पंचवीस हजाराच्या आतबाहेर पडला, पंप आणि नळ्या वेगळ्या.

आता एवढा खर्च कशाला असं घरचे विचारतातच, तर त्यांना सांगायला सोपं करून लिहितो. अ‍ॅनिमोन दिसतो फुलासारखा पण आहे प्राणी, जेलीफिश आणि कोरलच्या खानदानातला. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, झूझँथेली म्हणतात, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅनिमोनला मिळतो. पाणी २५-२६ डिग्रीला असलं की दोघांचं छान चालतं. पाणी ३० च्या वर जाऊन तिथंच राहिलं की हे जमेनासं होतं, शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि तपकिरी-हिरवा अ‍ॅनिमोन पांढरा पडत जातो. पांढरा झाला म्हणजे लगेच मेला असं नाही, पण घरातली चूल विझलेली असते, त्यातून तो उठेलच याची गॅरंटी नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५, घरात पंख्याखाली ३८, वरून टाकीची लाइट आणि पंप पाणी तापवणार ते वेगळंच. गोड्या पाण्यातला गप्पी किंवा मॉली यातून जातो, अ‍ॅनिमोन नाही जात. यूट्यूबवरचे पुण्या-बंगळुरूचे लोक म्हणतात ना की दोन छोटे पंखे लावा बास, ते त्यांच्या गावाला खरं आहे भो, आपल्या नाही.

पंख्यांचं मात्र एक खरं आहे, ते वाया नाही जात. टाकीच्या पाण्यावर वारा मारला की पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना थंड होतं, आपला कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की या पंख्यांनी तीन-चार डिग्री आरामात उतरतं. म्हणून मी पंखे आणि चिलर दोन्ही चालवतो, पंखे आधी लागतात आणि चिलर उरलेलं काम करतो, त्याने चिलर कमी वेळ चालतो. जूनमध्ये पाऊस तोंडावर आला की हवा दमट होते आणि पंख्यांचा दम संपतो, तेव्हा बाहेर ३८ च असलं तरी चिलर मे पेक्षा जास्त वेळ चालतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वाटलं मशीन बिघडलं, तर नाही, हवा बदलली होती.

पंख्यांची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. माझी टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे काठोकाठ १९० लिटर, खाली सम्प (फिल्टरची दुसरी छोटी टाकी) आहे तो धरून सगळं मिळून प्रत्यक्ष पाणी २०० च्या आसपास. मे मध्ये रोजचं चार-पाच लिटर सहज उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, त्यामुळे २०० मधलं पाच लिटर गेलं की ३५ ची सॅलिनिटी (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ ते) ३६ च्या जवळ पोचते आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की अ‍ॅनिमोन आक्रसून बसतो. वरून टाकायचं ते बिनमिठाचंच पाणी टाकायचं, पुन्हा खारं टाकलं तर मीठ वाढत जातं. फ्लोटवाला ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा) बसवून टाका, दोन हजाराच्या आत येतो आणि लग्नसराईत गावाला जायचं असलं की त्याची किंमत कळते.

आता मूळ मशीनवर. चिलर म्हणजे छोटा फ्रिजच आहे, पाण्यातली उष्णता काढून मागच्या बाजूने खोलीत फेकतो. बॉक्सवर जे लिहिलेलं असतं की एवढे लिटर इतक्या डिग्रीने उतरवेल, ते खोली साधारण थंड धरून लिहिलेलं असतं. ४० डिग्रीच्या खोलीत त्याला उष्णता फेकायलाच जागा नाही, मग तो नुसता घुमत राहतो, काटा खाली येत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीच्या बंद बाल्कनीत ठेवला तर दुपारी ओव्हरलोड होऊन बंदही पडतो. टाकीखालच्या कपाटात तर अजिबात कोंबायचा नाही, दिसायला छान दिसतं पण स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. माझा तळमजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत आहे, भिंतीपासून हातभर लांब, गरम हवेचं तोंड खिडकीकडे. आणि दुपारी बारा ते पाच घरातला कूलर त्याच खोलीत लावतो, कूलरची थंड हवा चिलरच्या तोंडावर गेली की फरक लगेच दिसतो, २८ वर अडकलेला आकडा संध्याकाळपर्यंत २६ वर येतो. फक्त कूलरचा झोत टाकीवर जाऊ द्यायचा नाही, बोअरच्या पाण्याचे तुषार आणि त्यात कोणी टाकलेलं खसचं अत्तर टाकीत नको.

पहिला अर्धा स्टार कापला तो डिस्प्लेसाठी. डिस्प्ले २६ दाखवतो तेव्हा काचेचा थर्मामीटर सव्वासत्तावीस दाखवतो. एवढा फरक माणसाला कळणार नाही, अ‍ॅनिमोनला उन्हाळाभर कळतो. सेटिंग मध्ये दुरुस्त करायची सोय म्हणे काही मॉडेलला असते, या डब्याला नाही, म्हणून मी सरळ २५ वर सेट करतो. सुरू-बंद मध्ये एक डिग्रीचं अंतर ठेवतो तो, ते ठीक आहे.

दुसरा अर्धा स्टार नळीच्या तोंडांसाठी. प्लॅस्टिकची निपल इतकी मऊ की क्लॅम्प थोडा जास्त आवळला तर चीर जाते. आता जळगावात राहून नळीच्या जॉइनरसाठी रडायचं म्हणजे लाजच, ठिबकच्या कुठल्याही दुकानात शिरा, कॉक, रबरी वॉशर, रिड्यूसर सगळं मिळतं आणि ऑनलाइनच्या चौथाई भावात. पाणी ढकलायला ताशी हजार-बाराशे लिटरचा पंप घ्या, त्यापेक्षा कमी घेतला तर चिलर आतल्या आत पाणी गार करून बंद होतो आणि टाकी गरमच राहते.

तिसरा अर्धा स्टार व्होल्टेजसाठी, म्हणजे खरं तर तो मशीनचा दोष कमी आणि आपल्या लाइनीचा जास्त, पण उन्हाळ्यात विकायचं मशीन आहे तर तेवढं सहन करायला पाहिजे ना. शेतीपंपांची वेळ सुरू झाली की आमच्या भागात व्होल्टेज खाली बसतं आणि कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, सुरू होत नाही. एक केव्हीएचा स्टॅबिलायझर आणि लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून चालू करणारा टाइमर असलेला घ्या, फ्रिजवाल्यांकडे मिळतो. इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, बॅटरी रडते. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टाकीत ढकलणारा) ठेवा, पाणी हलत राहिलं की ऑक्सिजन राहतो. २०० लिटर पाणी लगेच तापत नाही, तीन-चार तास लाइट गेली तर दोन-तीन डिग्री चढतं, तेवढ्याला फ्रीजरमध्ये बर्फ केलेल्या एक लिटरच्या बाटल्या घट्ट बूच लावून सम्प मध्ये सोडायच्या, एका वेळी एकच, नाहीतर उलट झटका बसतो.

बिलाचं सगळे विचारतात. मागच्या स्टिकरवर साधारण २०० वॅट आहे. दिवसाला बारा तास चालला तर अडीच युनिट, महिन्याचे ७०-७५ युनिट. हे आकडे एकटे बघू नका, घराचं बिल आधीच कूलर-फ्रिजने वाढलेलं असतं आणि १०० च्या वर, मग ३०० च्या वर दर चढत जातो, तर हे ७० युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यात पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र चिलर झोपलेला असतो आणि उलट हीटर लागतो, आपल्याकडे रात्री दहाच्या खाली जातं हे पुण्यामुंबईवाल्यांना पटत नाही. हीटर २५ वर, चिलर २७ ला सुरू होईल असा, म्हणजे दोघं एकमेकांशी भांडत बसत नाहीत.

साफसफाईबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माहितीपत्रकात यावर एकच ओळ आहे. समोरची जाळी दोन बोटांनी दाबून पुढे ओढली की निघते. आतल्या बाजूला धुळीचा करडा थर असतो, आणि जिनिंगच्या दिवसात त्यात कापसाची बोंडं झटकल्यासारखी पांढरी तूस अडकलेली असते, जाळी उन्हात धरली तर आरपार उजेड येत नाही. ती नळाखाली धरली की निघून जाते, तो भाग सोपा. जाळीच्या मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, धूळ तिथंही जाते आणि पाणी लावलं तर चिखल होऊन बसतो. जुना मऊ टूथब्रश घ्यायचा, वरून खाली एकाच दिशेने फिरवायचा, आडवा फिरवला की पट्ट्या वाकतात आणि वाकल्या की वारा बंद. मग पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप लांबून मारायचा. उन्हाळ्यात हे पंधरवड्याला केलं तर चिलर बराच कमी वेळ चालतो, न केल्यास त्याच आकड्यासाठी दुप्पट घुमतो. आवाजाचं म्हणाल तर जुन्या फ्रिजएवढा आहे, बेडरूममध्ये नको.

चिलर लावला म्हणजे अ‍ॅनिमोन जगला असं नाही, पण निदान बाकीच्या गोष्टींकडे बघायला सवड मिळते. त्यातली पहिली म्हणजे पाणी. आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ८०० च्या वर आहे, तसलं पाणी मिठात कालवून चालत नाही. आणि घरचा पिण्याचा आरओ, तो तर वेगळाच घोळ. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, आणि हल्लीच्या मॉडेलना आरोग्यासाठी म्हणून चक्क कॉपरचं कार्ट्रिज लावलेलं असतं. माणसाला चांगलं, अ‍ॅनिमोनला विष. मेकॅनिकला सांगून मेंब्रेननंतर लगेच एक टी काढून घ्या, तिथं पाणी ४०-५० वर येतं, त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची) एक बाटली लावली की मीटर शून्य दाखवतो. मीठ चांगल्या कंपनीचं सीलबंद घ्या, सुटं पॅक केलेलं नको, आणि सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटरने बघा, त्यातला घनतेचा आकडा १.०२५-१.०२६ हवा, म्हणजे वर लिहिलेलं ३५ च्या आसपास. काचेचा तरंगता हायड्रोमीटर उन्हाळ्यात भलतंच सांगतो.

तांब्यावरून आठवलं, आपल्याकडे अर्ध्या घरात शेती आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करून आलेला हात, किंवा कपाशीवर कीटकनाशक मारून आलेला हात, साबणाने धुतला तरी टाकीत घालू नये, ज्याचा हात शेतात त्याने टाकीचं काम दुसऱ्याला सांगावं. डास मारायचा स्प्रे त्या खोलीत नकोच. आणि माशांना पांढरे ठिपके आले म्हणून दुकानदार जे औषध देतो त्यात तांबं असू शकतं, मासा वेगळ्या बादलीत काढून औषध करा.

अ‍ॅनिमोन घ्यायचा तो बबल टिप जातीचा घ्या, पहिल्यांदा तोच. क्लाउनफिशला घर देणाऱ्या जाती जगात फक्त दहा, त्यातली ही सगळ्यात सोसणारी. गंमत म्हणजे दुकानात मिळणारा नेहमीचा भगवा-पांढरा ऑसेलॅरिस क्लाउनफिश समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, त्याचे अ‍ॅनिमोन वेगळे, पण टाकीत बऱ्याचदा स्वीकारतो. नाही स्वीकारला तरी काही बिघडत नाही, अ‍ॅनिमोनला मासा लागतोच असं नाही. बबल टिप टाकीत स्वतःच दुभंगून दोन होतो, म्हणून दुसऱ्या हौशी माणसाकडचा वाटून आलेला मिळाला तर समुद्रातून काढलेल्यापेक्षा तोच घ्यावा. कार्पेट अ‍ॅनिमोन स्वस्तात मिळाला तरी सोडा, तो वाळूत पाय रोवतो, मोठा होतो, आणि छोटे मासे गिळतो. त्याच पार्सलमध्ये कोणी समुद्रातलं जिवंत दगडी कोरल देऊ करत असेल तर नको म्हणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, फुकटचं लचांड.

मुंबईहून माल रात्रीच्या गाडीने येतो, सव्वाचारशे किलोमीटर, थर्माकोलच्या खोक्यात ऑक्सिजन भरलेली पिशवी. मागवायचा तर डिसेंबर-जानेवारीत मागवा, मार्च उलटला की नको, आणि टाकी सुरू होऊन सहा महिने झाल्याशिवाय तर नाहीच. विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागा. तोंड मिटलेलं हवं, पाय फाटलेला नको, टेंटॅकल (तोंडाभोवतीचे बोटांसारखे हात) बोटाला किंवा खाऊला चिकटले पाहिजेत. पांढराशुभ्र किंवा पिवळाधमक दिसला तर आनंदाने उड्या मारू नका, पांढरा म्हणजे शेवाळ गेलेला आणि भडक रंगाचे काही वेळा रंगवलेले असतात. आल्यावर पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळायचं, त्याला इंग्रजी नावाच्या किट विकतात, आपण ठिबकची मायक्रोट्यूब घ्यायची आणि गाठ मारून थेंब कमी-जास्त करायचा, दहा रुपयांत काम.

टाकीत सोडला की पहिले काही दिवस तो जागा शोधत फिरतो, तेव्हा वेव्हमेकरच्या तोंडाला स्पंज लावलाच पाहिजे. पंपात ओढला गेलेला अ‍ॅनिमोन चिरला जातो आणि मेलेला अ‍ॅनिमोन इतकी अमोनिया सोडतो की एका रात्रीत मासेही जातात. एकदा दगडाच्या फटीत पाय रोवला की त्याला हलवू नका, लाइटच वरखाली करा. खाऊ आठवड्यातून एकदा-दोनदा, नखाएवढा कोळंबीचा तुकडा, मिठाचा मसाल्याचा नसलेला. चिमट्याने टेंटॅकलला नुसता टेकवायचा. पहिल्यांदा दोनच टेंटॅकल चिकटतात, मग बाजूचे वाकून येतात, तुकडा दिसेनासा होतो आणि मधलं तोंड हळू उघडून त्याला आत घेतं, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मोठा तुकडा दिला तर रात्री तसाच्या तसा ओकून टाकतो आणि पाणी खराब.

अमळनेरची मावशी आली होती ऐन मे मध्ये, ती हे खाणं बघत बसली आणि म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ, फूल शे का जनावर?" म्हटलं जनावर शे, कोळंबी खास (खातं). मग तिने चिलरच्या २६ च्या आकड्याकडे बोट दाखवून ते काय ते विचारलं, सांगितल्यावर म्हणे, "इतलं थंडगार पानी तं आम्हले बी भेटत नई." यावर उत्तर नव्हतं.

अ‍ॅनिमोन किती जगतो असं विचारणाऱ्यांसाठी, स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलियल नावाच्या माणसाने १८२८ साली किनाऱ्यावरून एक आणला होता, तो एडिंबरोला बरणीत १८८७ पर्यंत जगला, सांभाळणारे बदलत गेले, त्याला सगळे ग्रॅनी म्हणायचे. तो थंड पाण्यातला, जात वेगळी, आणि एडिंबरोला चिलरची गरज नव्हती. पण नीट ठेवला तर हा वर्षा-दोन वर्षांचा पाहुणा नाही, एवढं लक्षात घेऊनच पैसे घाला.

टाकी दोन फुटी असेल तर यापेक्षा छोटा चिलर बघा, चार फुटी असेल तर हा पुरणार नाही, सरळ वरचा साइझ घ्या, कमी ताकदीचा सतत चालवून वीज जास्त जाते. वॉरंटी मला एक वर्षाची मिळाली पण गॅस संपला तर पार्सल करून मुंबईला पाठवावं लागतं आणि मे महिन्यात तेवढे दिवस चिलरशिवाय काढणं शक्य नाही, म्हणून घेण्याआधी गावातल्या फ्रिज मेकॅनिकला दाखवून विचारा की तुला हा उघडता येईल का. सेकंडहँड घेत असाल तर बादलीभर पाण्यावर अर्धा तास चालवून बघा, आकडा खाली आला पाहिजे, मागून गरम हवा आली पाहिजे, आणि विकणारा गोड्या पाण्यात वापरत होता की खाऱ्या ते आधी विचारून घ्या. त्याने मधे कधी तांब्याचं औषध टाकलेल्या टाकीवर लावला असेल तर कॉइल, नळ्या, पंप सगळं नीट धुऊन मगच लावा, नळ्या तर बदलूनच टाका, मीटरला शंभर रुपये जातील फार तर.